दोन झाकणं, झोपताना

६ जानेवारी

ति. ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, म्हणून कागदावरच घालतो, चालवून घे.

फोन बंद, पत्रच लिही, असा हुकूम तुझाच. तुझं म्हणणं, फोनवर मी 'हो हो' करत कांदा चिरत असतो आणि तुझं एक अक्षर डोक्यात शिरत नाही. मान्य. पण हे पत्रही मी कॅन्टीनच्या मागच्या ओट्यावर बसून लिहितोय आणि कांदा समोरच आहे. कागदावर कुठे थेंब दिसले तर तुझ्या आठवणीनं रडलो असं समजून हुरळून जाऊ नकोस.

आमच्या कप्तानबाई, म्हणजे तुझी भावजय, बोटीवर जाऊन दोन महिने झाले. खरं तर ती तिथे इंजिन सांभाळते, पण घरात हुकूम सोडते ते कप्तानासारखे, त्यामुळे नाव बदलणार नाही. जूनपर्यंत ती येत नाही. तोवर घरात मी, आप्पा आणि साडेतीन वर्षांची भिंगरी. तू सगळ्यांना सांगत होतीस ना, याच्याच्यानं आठ दिवस पोर सांभाळून होणार नाही म्हणून? दोन महिने झाले, पोर शाबूत आहे. वेण्या वाकड्या येतात, पण येतात.

सध्या तिला सर्दी-खोकला झालाय. नाक गळतंय आणि ते पुसायला तिला माझाच शर्ट लागतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मुलांचं गुलाबी औषध आणलं. त्याच्याबरोबर प्लास्टिकचं इवलंसं माप आलं होतं, ते भिंगरीनं बाहुलीला आंघोळ घालायला नेलं आणि हरवलं. काही बिघडत नाही. मी माझा चाखायचा चमचा वापरतो. रोज तीनशे माणसांच्या सुपाचं मीठ मी नजरेनं घालतो, आजवर एकानं तोंड वाकडं केलेलं नाही. खोकला जास्त वाटला की चमचा भरून, कमी वाटला की जरा खाली. औषध चाखूनही पाहिलं, साखर जास्त आहे. पण त्यामुळे ती कुरकुर करत नाही. मी तिला खाऊ म्हणूनच देतो, आता तीच मागायला येते.

आप्पा मजेत. नोव्हेंबरात तू आली होतीस तेव्हा त्यांना दिलेल्या औषधानं त्यांचा खोकला पळाला. तेव्हापासून जो भेटेल त्याला धरून ते तुझी हुशारी ऐकवतात. माझ्या सुपाबद्दल इतकं चांगलं आमच्या घरात कोणी कधी बोललेलं नाही.

तुझा,
ढोल्या


१० जानेवारी

चि. ढोल्या,

आशीर्वाद आहेत, पण ते हे पत्र पूर्ण वाचल्यावर लागू होतील.

तुझं पत्र मी औषधांच्या दुकानात, काउंटरच्या मागे उभं राहून वाचलं. समोर एक गृहस्थ 'जरा कडक असं काहीतरी द्या' म्हणत उभे होते. त्यांना काही न देताच घरी पाठवलं, इतकी मी बधिर झाले होते.

चमचा? कुठला चमचा? तुझ्या ओट्यावर लहानमोठे सात चमचे टांगलेले मी स्वतः पाहिलेत. तुझ्या त्या चाखायच्या चमच्यात साडेतीन वर्षांच्या पोरीचे दोन-तीन डोस आरामात मावतील. सुपात मीठ जास्त पडलं तर माणूस तोंड वाकडं करतो आणि तुला कळतं. औषध जास्त पडलं तर लिव्हर तोंड वाकडं करत नाही. ते दोन दिवस गप्प बसतं आणि मग एकदम बोलतं. नजर म्हणे. तुझी नजर एवढी चांगली असती तर लग्नाच्या फोटोत तू भलत्याच बाईशेजारी उभा राहिला नसतास.

आणि मुळात त्या वयाच्या पोरांना ही सर्दी-खोकल्याची मिश्रणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचीच नसतात. त्यांनी सर्दी बरी होत नाही. सर्दी पाहुण्यासारखी येते, आठ-दहा दिवस तळ ठोकते आणि आपली आपण जाते. तोवर नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाल, ते दुकानात तयार मिळतात, तू घरी बनवू नकोस, मीठ नजरेनं घालशील. पाणी भरपूर पाज. खोकल्याला थोडा मध दे. भिंगरीला चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कधीच नाही. श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली, धाप लागली, किंवा ताप हटेना, तर अक्कल पाजळत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे ने.

बाटलीच्या मागे बारीक अक्षरात आत काय काय आहे ते छापलेलं असतं. चष्मा लाव आणि वाच. या बाटल्यांमध्ये खोकल्याचं, सर्दीचं, तापाचं, झोपेचं असं सगळं एकत्र घुसळलेलं असतं. दुसऱ्या बाटलीचं नाव वेगळं, रंग वेगळा, पण आत तेच. दोन्ही दिलंस की एकच औषध दोनदा गेलं. म्हणून काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, ते कागदावर लिहून ठेव. खोकं आणि आतला कागद फेकू नकोस, लोक तेच आधी फेकतात. आणि औषधाला खाऊ म्हणणं आजच्या आज बंद कर. उद्या स्टूल ओढून फळीवर चढली आणि बाटली तोंडाला लावली तर कोणाच्या नावानं बोंब मारशील?

गुलाबी औषध बंद. हे वाचताना हातात सुरी असेल तर ती खाली ठेव आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच.

ताई


१४ जानेवारी

ति. ताई,

तुझं पत्र सोमवारी आलं. सगळं झालं रविवारी.

दुपारी जेवताना भिंगरी ताटातच डोकं टेकवून झोपली. आधी मला हसू आलं. भात गालाला लागला होता, मी पुसला. उठेना. पाणी लावलं, हलवलं, डोळे अर्धे उघडायचे आणि परत मिटायचे. 'भिंगरी, खाऊ' म्हणून हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. तेव्हा माझं धाबं दणाणलं. तिला उचललं आणि एका पायात माझी, एका पायात आप्पांची चप्पल घालून हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तीनच गोष्टी विचारल्या. काय दिलं, किती दिलं, कधी दिलं. तू पत्रात लिहिलेल्याच. मला एकीचंही नीट उत्तर देता आलं नाही. सकाळी एक चमचा, जेवणाआधी एक चमचा, तोही भरून, कारण खोकत होती. आणि शिवाय मोठ्यांच्या औषधाची एक बाटली घरात होती, त्यातलीही दोन झाकणं. दोन्ही बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. दोन्हीत तेच तापाचं आणि तेच झोपेचं औषध. सगळं मीच दिलं.

त्यांनी तिचं रक्त दोनदा तपासलं, नाडीला यंत्र लावून ठेवलं. मी शेजारच्या स्टुलावर बसून तिचा श्वास मोजत होतो. सोमवारी दुपारी ती जागी झाली, नर्सबाईंच्या गळ्यातली नळी पाहिली आणि 'मला दे' म्हणून भोकाड पसरलं. असं गोड भोकाड मी जन्मात ऐकलं नाही. लिव्हर ठीक आहे. मंगळवारी परत तपासलं, तेव्हाही ठीक. आता घरात गरगर फिरतेय.

कप्तानबाईंची बोट बंदरात होती. हॉस्पिटलमधून तिला फोन लावला, ती डॉक्टरीणबाईंशी बोलली, मग माझ्याशी. जे काय बोलली ते मी ऐकून घेतलं. पंधरा फेब्रुवारीला तिचा भाऊ येतोय आणि भिंगरीला आजोळी घेऊन जातोय. जूनपर्यंत ती तिकडेच. मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

ताई, मला ती इथे हवी आहे. तिचे कपडे आतापासून बॅगेत भरायला काढलेत आणि दर वेळी परत कपाटात ठेवतोय.

आज विनोद सुचत नाही.

ढोल्या


१८ जानेवारी

ढोल्या,

भिंगरी बरी आहे हे वाचून मी दुकानातच स्टुलावर बसले आणि रडले. मदतनीस पोरीनं मला पाणी दिलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की बाईंना सर्दी झालीय.

ते झालं. आता तुझी पाळी. गुलाबी औषध एकवेळ समजू शकते, मूर्खपणा तुझ्या अंगातच आहे. पण मोठ्यांचं औषध पोरीला पाजावं हे तुझ्या डोक्यात आलं कसं? डोकं कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये ठेवून घरी येतोस का? मोठ्यांचं औषध अर्धं करून मुलांचं होत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. माझा सख्खा भाऊ सोडून साऱ्या गावानं ऐकलंय.

आणि ती बाटली तुझ्या घरात आली कुठून? कुठल्या गाढवानं दिली? देताना दोन शब्द सांगायला काय झालं होतं त्याला? दुकानाचं नाव कळव. मी तिथे येऊन त्याच्या काउंटरसमोर उभी राहीन आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याची अशी हजेरी घेईन की पुन्हा बाटलीला हात लावताना तो माझं नाव घेईल.

कप्तानबाईंनी केलं ते बरोबर केलं. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. वाईट वाटलं तर वाटू दे.

ताई


२२ जानेवारी

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चोरून वाचलं. ढोल्यानं ते पिठाच्या डब्यामागे लपवलं होतं. लहानपणी प्रगतिपुस्तक तिथेच लपवायचा, सुधारलेला नाही.

तू गाढवाचं नाव विचारलं आहेस. गाढवं दोन आहेत. पहिला मी. दुसऱ्याचं नाव पुढे येईल, जरा धीर धर.

त्या रविवारी सकाळी ढोल्या तिला औषध पाजून भाजी आणायला गेला. पाजल्याचं मला बोलला नाही, मीही विचारलं नाही. मी मशीनवर गिऱ्हाइकाची पँट आखूड करत होतो. पोर खोकत होती. खोकला ऐकवेना, म्हणून मी माझ्या कपाटातली बाटली काढली. मोठ्याला दोन झाकणं, तर छोटीला एक, असा हिशेब केला. चाळीस वर्षं कपडे शिवले, बापाच्या निम्म्या कापडात लेकाचा शर्ट कितीदा बसवलाय. कापडात जमतं ते पोटात जमत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. तासाभरानं खोकला थांबला नाही म्हणून आणखी एक झाकण दिलं. मग ढोल्या आला आणि त्यानं जेवणाआधी आपला चमचा भरला. मी हे त्याला बोललो नाही. उगाच कशाला, म्हटलं. त्याला वाटायचं मी त्याच्या कामात नाक खुपसतो.

थोरले, आता लाजेची गोष्ट सांगतो. बाटली खिशात घालून मी हॉस्पिटलात गेलो आणि वीस मिनिटं गप्प बसलो. डॉक्टरीणबाई ढोल्याला विचारतायत, आणखी काही दिलंय का, नीट आठवा. तो बिचारा शपथेवर नाही म्हणतोय. मी खिशात बाटली घट्ट धरून बसलोय. सत्तरीचा माणूस, चोरी पकडलेल्या पोरासारखा. पोर समोर निपचित पडलेली आणि मला माझ्या अब्रूची पडलेली. शेवटी तिच्या बोटाला लावलेलं यंत्र वाजायला लागलं, तशी मी बाटली काढली.

ढोल्यानं ती माझ्या हातातून घेतली. हळूच विचारलं, किती? मी म्हटलं, दोन झाकणं, नऊला आणि दहाला. मग त्यानं बाटलीवरची चिठ्ठी वाचली, अक्षर ओळखलं, चिठ्ठी नखानं सोलून खिशात घातली आणि डॉक्टरीणबाईंना जाऊन म्हणाला, हेही मीच पाजलं, माझ्या लक्षात नव्हतं. बाई त्याला काय काय बोलल्या! तो मान खाली घालून उभा. मी तेव्हाही गप्प.

ती चिठ्ठी तुझ्या हातची होती. 'दोन झाकणं, झोपताना.' कोणी घ्यायची, ते लिहिलेलं नव्हतं. खोकं आणि कागद तू बॅगेत जागा नाही म्हणून निघतानाच टाकून दिला होतास, आणि मला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ही चिठ्ठी तू छापील लेबलावर चिकटवली होतीस. ढोल्यानं सोलल्यावर खालचं दिसलं. तिथे छापलं होतं, ते डॉक्टरीणबाईंनी मोठ्यानं वाचलं, बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये.

मी दोष तुला देत नाही. थोरलीनं दिलंय म्हणजे ते कोणालाही चालेल, असं माझ्या मनानं घेतलं. पण तू त्या पोराला फार बोललीस, आणि तो एका शब्दानं उलटून बोलला नाही. भिंगरी गेली तर तो मोडून जाईल. माझ्याच्यानं सुनेला सांगवत नाही. तू सांग.

तुझा,
आप्पा


२६ जानेवारी

ढोल्या,

ते गाढव सापडलं. काउंटरमागच्या आरशात रोज दिसतं.

आप्पांचं पत्र मी चार वेळा वाचलं. नोव्हेंबरातली ती सकाळ मला लख्ख आठवते. गाडीची वेळ झाली होती, बॅगेची चेन लागत नव्हती, मी खोकं चुरगळून टाकलं आणि चिठ्ठी डकवली. दुकानात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभा फाडला असता. घरच्यांसाठी करताना वाटलं, आपलेच तर आहेत, त्यांना काय सांगायचं. एवढं शहाणपण मी तुला पत्रातून पाजलं आणि तू ते सगळं गिळलंस, एकदाही म्हणाला नाहीस की ताई, ती बाटली तुझी आहे.

का नाही म्हणालास रे? माझ्या नोकरीची काळजी? की आप्पांची? मी तुला गाढव म्हटलं, तू डोकं फ्रीजमध्ये ठेवतोस म्हटलं, तुझी पोर नेतायत ते बरोबर म्हटलं. ते शेवटचं वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं. मला क्षमा कर. हे मी तुला जन्मात पहिल्यांदा म्हणतेय, तेव्हा कागद जपून ठेव, पुन्हा मिळायचा नाही.

तरी एक सांगते. तू डॉक्टरांना बाटली दाखवलीस, किती झाकणं ते खरं सांगितलंस, म्हणून पोर वाचली. कोणी पाजलं हे खोटं बोललास, त्यानं उपचार बदलले नाहीत. पण उद्या असा कोणावर पांघरूण घालायला जाऊन आकडाच खोटा सांगशील, तर घात होईल. आमच्यावर जीव टाकणं पुरे.

कप्तानबाईंना मी सगळं लिहून पुढच्या बंदरावर पाठवलंय. चिठ्ठी, खोकं, आप्पांची झाकणं, तुझा चमचा, माझी पत्रं. स्वतःला वाचवायला एक ओळ घातलेली नाही. भिंगरीला न्यायचं तर तिनं न्यावी, पण खऱ्या कारणानं न्यावी.

ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र काल बंदरात मिळालं. इंजिनखोलीत बसून वाचलं. इथे इतका आवाज असतो की माणूस ओरडला तरी कोणाला कळत नाही, आणि मी बरंच ओरडले. तुमच्यावर, आप्पांवर आणि सगळ्यांत जास्त तुमच्या भावावर. मला वाटलं होतं, निष्काळजी नवऱ्याशी संसार करतेय. हा तर खोटारडा निघाला, तोही दुसऱ्यांसाठी. याचं काय करायचं असतं, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, तुम्ही त्याला माझ्याआधीपासून ओळखता.

माझ्या भावाला मी कळवलंय, येऊ नकोस. भिंगरी तिच्या घरीच राहील. औषधांचं कपाट वर आणि कुलपात. आप्पांची औषधं त्यांच्या नावाच्या डब्यात. घरात कोणीही काहीही पाजलं की भिंतीवर लिहायचं, वेळेसकट. हे हुकूम आहेत, विनंती नाही.

आता माझं. तुम्ही तिघांनी आपापली चूक कबूल केलीत. मला कोणी विचारलंच नाही, म्हणून मीच सांगते.

त्या दिवशी फोनवर डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, पोरीचं वजन किती आहे, घरी शेवटचं कधी केलं होतंत? मला माहीत नव्हतं. या बोटीवरच्या प्रत्येक टाकीत किती तेल आहे ते मी तासातासाला मोजते, थेंबाचा फरक पडला तर माणसं झोपेतून उठवते. माझ्या मुलीचं वजन मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी ठोकून दिलं, चौदा किलो, गेल्याच महिन्यात केलंय. गेल्या महिन्यात मी समुद्रावर होते. बाई एवढंच म्हणाल्या, आमच्या काट्यावर पावणेबारा भरलंय, औषधं वजनावर ठरतात, आम्ही आमचाच आकडा धरतो. त्यांनी मला खोटं ठरवलं नाही, पुढचं विचारू लागल्या.

त्यानंतर फोन तुमच्या भावाकडे गेला आणि मी त्याला म्हटलं, तुझ्या हातात मूल सुरक्षित नाही. अगदी याच शब्दांत. तो हो म्हणाला.

हे पत्र त्याला फोनवर वाचून दाखवा. मी स्वतः सांगायला तीन वेळा फोन लावला, त्यानं उचलला, आणि तिन्ही वेळा मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

तुमची,
भावजय